चिंध्यांचा अंगरखा

या माणसाला महाराष्ट्राने जी नावे दिली, ती सगळी त्याच्या अंगावरच्या आणि हातातल्या वस्तूंवरून दिली. हातात फुटके गाडगे दिसले म्हणून कोणी गाडगेबाबा म्हटले. अंगावर तुकडे जोडलेले वस्त्र दिसले म्हणून कोणी गोधडेबाबा म्हटले, तर कोणी सरळ चिंधेबोवा. आईबापांनी ठेवलेले नाव डेबूजी. डेबूजी झिंगराजी जानोरकर. ते नाव मागे पडले आणि चिंध्या पुढे आल्या. कपड्यावरून माणसाची परीक्षा करू नये असे आपण पोरांना शिकवतो खरे, पण या माणसाची ओळख शेवटपर्यंत कपड्यांचीच राहिली, आणि ती त्याने स्वतः, समजून उमजून, अंगावर घेतली होती.

तो पोशाख एकदा नीट डोळ्यांसमोर आणावा. वेगवेगळ्या रंगांच्या, वेगवेगळ्या पोतांच्या तुकड्यांचा अंगरखा. कमरेला तसेच ठिगळांचे धोतर. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. दोन पायांत दोन तऱ्हेची पायताणे. डोक्यावर गाडग्याचे खापर, भूक लागली की तेच जेवायचे ताट. हातात खराटा किंवा काठी. यातली एकही वस्तू बाजारातून नवी आणलेली नाही. लोकांनी टाकले ते याने उचलले, जोडले आणि वापरले. अंगरखा विरला की त्यावर आणखी एक तुकडा चढे, तो फाटला की त्यावर आणखी एक.

आपल्या कोकणात जुन्या कापडाचे काय होते, हे घरातल्या आज्यांना विचारावे. नऊवारी लुगडे मधे विरले, की विरलेला भाग कापून दोन चांगली टोके जोडायची. त्याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडे आणखी चार-सहा महिने निभावून जाई. तेही गेले की काठ वेगळे काढायचे आणि उरलेल्यातून पोरीचा परकर निघतो का ते पाहायचे. धोतराचे पंचे, पंचाची पोतेरी. बापाच्या सदऱ्याची कॉलर झिजली तर ती उसवून उलटी लावायची, पुढे त्याच सदऱ्यातून धाकट्याचा सदरा बेतायचा. घरात बाळ येणार असेल तर झबली, कुंची, दुपटी मुद्दाम जुन्या कापडाची, कारण पन्नास वेळा धुतलेल्या सुताइतके मऊ नवे कापड कोणत्याच दुकानात मिळत नाही. ज्यांच्या घरी हाताने फिरवायचे शिलाईचे यंत्र होते, त्यांच्या ओटीवर अर्ध्या वाडीच्या बायका आपापली बोचकी घेऊन जमत. मुंबईच्या गिरणीत असलेला चाकरमानी सुट्टीवर येताना कापड आणी, ते आधी मोठ्याच्या अंगावर आणि मग यथावकाश घरातल्या सगळ्यांच्या अंगावरून फिरे.

या सगळ्यातून जे उरे, त्याची गोधडी. पावसाच्या आधी, वैशाखाच्या उन्हात, सारवलेल्या खळ्यात बायका जुनी लुगडी पसरत, कोपऱ्यांवर दगड ठेवत, मधे तुकडे अंथरत आणि कडेपासून आत धावदोरा घालत जात. पावसाळ्याच्या ओल्या रात्री हीच पोरांची ऊब. (सुती कापड गेले आणि गोधडीही गेली, यात नवल नाही. पॉलिएस्टरच्या साड्यांची गोधडी एक तर सुईखाली सरकते आणि वर घामही टिपत नाही.) गोधडीचा एक नियम मात्र सगळ्या घरांत सारखाच होता: चिंध्या आत, चांगले लुगडे बाहेर. सदऱ्याला ठिगळ लावायचे तर शक्यतो आतून, त्याच रंगाच्या कापडाचे, पाहणाऱ्याला कळणार नाही असे. गरिबीची लाज असते, आणि ती असण्यात काही चूक नाही.

डेबूजींनी ही गोधडी उलटी करून अंगावर घातली. सगळ्या चिंध्या बाहेर.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे परिटाच्या घरात त्यांचा जन्म झाला. आपल्याकडे मडवळ, तसा तिकडे परीट. दुसऱ्यांचे कपडे धुणे हे जातीने नेमून दिलेले काम. गावाचे कपडे ज्याच्या हातातून जातात त्याला कोणाच्या घरात काय चालले आहे, हे न सांगता कळते. कोणाचे लुगडे दंडावर आले, कोणाचे नवे धोतर कर्जावर आले, हे परिटाइतके कोणालाच ठाऊक नसते. पुढच्या आयुष्यात या माणसाला कपड्यांची भाषा इतकी नेमकी कशी आली, याचे एक कारण मला तरी इथे दिसते.

बाप झिंगराजी दारूपायी गेला. डेबू तेव्हा लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. मामाकडे डेबू गुरे राखू लागला, शेतात राबू लागला, आणि अंगमेहनतीत त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही. पण घर चांगले चालू लागले तोवर मामाने कागदावर कुठेतरी अंगठा दिला होता. सावकाराचे देणे फिटले असे वाटत असताना जमीनच त्याच्या घशात गेली, आणि मामा त्या धक्क्यातून उठला नाही. अक्षर न कळल्याने शेत जाते, हे डेबूजींनी पुस्तकात वाचले नव्हते. ते वाचू शकतच नव्हते. त्यांनी ते घरात पाहिले.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झाले. मुलगी झाली, तेव्हा बारशाला जातीची रीत दारूची आणि मटणाची. डेबूजींनी पंगतीत गोडधोड वाढले. जातभाई रुसले. कर्ज काढून सण साजरा करण्याच्या रीतीविरुद्ध या माणसाचे हे पहिले पाऊल, तेही स्वतःच्या अंगणात.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी ते घर सोडून निघाले. वय अठ्ठावीस. पुढची बारा वर्षे, १९१७ पर्यंत, ते कुठे कुठे फिरले याचा सलग हिशेब कोणी ठेवला नाही. ठेवणार तरी कोण? चिंध्या घातलेला एक माणूस गावात येतो, सांगितल्यावाचून रस्ता झाडतो, गटार उपसतो, एखाद्या बाईचे सरपण फोडून देतो, कोणी दिले तर भाकरी खातो आणि निघून जातो. त्याची नोंद कुठे होणार? लोक त्याला वेडा समजत, भिकारी समजत, दारातून हाकलत. हाकलणाऱ्यांचा त्याला राग नव्हता. त्या अंगरख्याचा एक उपयोग बहुधा हाच होता. नव्या कपड्यातल्या माणसाशी जग कसे वागते हे सगळ्यांनाच माहीत असते. फाटक्या कपड्यातल्या माणसाशी ते कसे वागते हे समजायला तो कपडा अंगावर असावा लागतो.

साधूंनी चिंध्या घालणे आपल्या देशाला नवे नाही. कंथा हा शब्दच त्यासाठी आहे. बुद्धाचे भिक्षू टाकलेल्या वस्त्रांचे तुकडे जोडून चीवर शिवत, आणि त्या चीवराची आखणी मगधातल्या भातशेतीवरून घेतली अशी कथा विनयग्रंथांत आहे. आपल्या कुणग्यांसारखे चौकोन आणि मधे बांध. पण गाडगेबाबांच्या वस्त्राची जात निराळी होती. त्याला भगवा रंग नव्हता, पंथ नव्हता, ते पाहून कोणी पाया पडावे अशी सोय नव्हती. पाया पडू देतच नसत. मला कोणी शिष्य नाही आणि मी कोणाचा गुरू नाही, अशी त्यांची भूमिका होती. आणखी एक गोष्ट विसरू नये. ती वस्त्रे फाटकी होती, पण गलिच्छ नव्हती. परिटाचाच मुलगा तो! ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची घाण झाडली, तो स्वतःच्या अंगावर मळ कसा ठेवील?

अमरावती जिल्ह्यातच, पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नदीवर उतरायला धड वाट नव्हती. बायाबापड्या चिखलात घसरत. बाबांनी तिथे लोकांना हाताशी धरून घाट बांधायला घेतला. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरात अस्पृश्यांना उतरायला जागा नव्हती, म्हणून १९१७ च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळेचे काम सुरू झाले. मुंबईत गावोगावहून रोगी येत. त्यांच्याबरोबरच्या माणसांना पथारी पसरायला ठिकाण नसे, म्हणून जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा. हे सगळे लाखांचे व्यवहार. पैसा देणारे सधन लोक होते, आणि तो खर्च करवून घेणाऱ्याच्या अंगावर विकून आणेली येणार नाही असा अंगरखा होता. त्या अंगरख्यामुळेच लोकांनी पैसा दिला असेल का? मला तसे वाटते. ज्या माणसाला खिसाच नाही त्याच्यावर संशय घेणे कठीण जाते.

कीर्तनात ते टाळ-मृदंगाच्या थाटात अडकत नसत. समोरच्या माणसांना प्रश्न विचारीत. लोक उत्तर देत, ते पुढचा प्रश्न विचारीत, आणि शेवटी लोकच आपल्या तोंडाने कबूल करीत, की देवासाठी बकरे कापणे चुकीचे आहे, कर्ज काढून लग्न करणे चुकीचे आहे. मधूनमधून देवकीनंदन गोपालाचा गजर. कपड्यांचा विषय त्यांत नेहमी येई. बायकोला लुगडे थोडे हलक्या किमतीचे घ्या, घरातली भांडी मोडावी लागली तरी मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असा त्यांचा सांगावा असे. त्यामागे दापुऱ्याचे ते शेत होते. लुगड्यावर वाचलेला रुपया कुठे जायला हवा, याचा हिशेब त्यांच्या मनात पक्का होता. नुसती काटकसर करून पैसा गाठीला बांधणे त्यांना कधीच अभिप्रेत नव्हते.

आता आपल्या जिल्ह्याशी जोडलेला प्रसंग. १९२३ साल. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला अजून अठ्ठावन्न वर्षे होती. खारेपाटण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. खारेपाटण म्हणजे जुने बंदर, जुनी पेठ. विजयदुर्गच्या खाडीतून गलबते आत येत, तो हा टोकाचा बाजार. शिलाहार राजा रट्टराजाचा शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट इथेच सापडला. अशा गावात मे महिन्यात, आंब्याफणसाच्या दिवसांत, हा वऱ्हाडी माणूस कीर्तनाला उभा होता. त्यांची वऱ्हाडी बोली आपल्या मालवणी कानांना कितपत रुळली असेल, असा प्रश्न मला पडतो. पण प्रश्न विचारणारे कीर्तन असल्यावर लोक आपल्या बोलीत उत्तर देणारच.

५ मे १९२३. कीर्तन चालू असताना बातमी आली, मुलगा गोविंदा गेला.

बाबांनी कीर्तन थांबवले नाही. त्या वेळी ते काय बोलले, ते महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तोंडपाठ आहे. इथे पुन्हा सांगत नाही. त्या बोलण्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. स्थितप्रज्ञ, विरक्त, असे मोठे शब्द त्यावर चढवले गेले. मला मात्र त्या गर्दीत बसलेल्या बायका दिसतात. त्यांच्यापैकी किती जणींची मुले देवी-पटकीत, तापात गेली असतील! त्या काळात ज्या घरात मूल गेले नाही असे घर विरळाच. एखाद्या बाईच्या मनात त्या रात्री काय आले असेल? हा माणूस आपल्यासारखाच आहे, की आपल्यापेक्षा दगडाचा आहे? समोर उभ्या असलेल्या त्या चिंध्यांतल्या माणसाने आपले दुःख इतरांच्या दुःखाहून मोठे मानायला नकार दिला, असे मी त्या प्रसंगाचे वाचन करतो. कोणी वेगळे करील.

आणि कुंताबाई? गोविंदा त्यांचाही होता. नवरा घर सोडून गेला, त्याला लाखो लोक मानू लागले, पण त्या झोपडीतच राहिल्या. धर्मशाळांतून घरच्या माणसांना फुकटचे काही मिळू नये, याबाबत बाबा कठोर होते. सार्वजनिक पैशाला घरचा हात लागू द्यायचा नाही, हे तत्त्व फार मोठे आहे, आणि आज तर ते परीकथेसारखे वाटते. तरी त्याची किंमत बाबांनी एकट्याने दिली नाही. नवऱ्याने चिंध्या स्वतः निवडल्या. बायकोला त्या वाट्याला आल्या. बाबांवर लिहिणाऱ्या आपण लोकांनी ही बाजू जरा दबकतच लिहिली आहे.

याच ठिकाणी त्या अंगरख्याबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. गरिबाने फाटके घालण्यात काही पुण्य आहे, असे बाबांनी कधी सांगितले नाही. लोक त्यांना नवी वस्त्रे, शाली, घोंगड्या देत, आणि ते त्या वाटेत भेटणाऱ्या उघड्यानागड्याला देऊन टाकीत. ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्यापांगळ्यांना अन्नाबरोबर कपडे वाटले जात. त्यांच्या कार्याची जी दहा कलमे पुढे लिहिली गेली आणि धर्मशाळांच्या भिंतींवर लागली, त्यात भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी यांच्यानंतर तिसरे कलम वस्त्राचे आहे. निवारा, शिक्षण, औषधपाणी ही सगळी त्याच्या पुढे येतात. म्हणजे स्वतः चिंध्या पांघरणाऱ्याने दुसऱ्यासाठी मागितले ते चांगले, अखंड वस्त्र.

एकदाच त्यांनी स्वतःसाठी पांघरूण घेतल्याचे सांगतात. १९४९ च्या जुलैत बाबा मुंबईत आजारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा देशाचे कायदेमंत्री. दिल्लीला निघायच्या गडबडीत ते बाबांना भेटायला आले, येताना दोन घोंगड्या घेऊन. कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्याच वर्षी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे आली. एकाला अक्षर येत नव्हते, दुसरा देशाची घटना लिहीत होता, आणि दोघांनाही कपड्याचे मोल ठाऊक होते. एकाने चिंध्या पांघरल्या, तर दुसऱ्याने आपल्या माणसांना स्वच्छ, नीटनेटके राहण्याचा आग्रह धरला आणि स्वतः सुटाबुटात वावरला. हे दोन मार्ग वरवर उलटे दिसतात. पण कपड्यामुळे माणसाला दारात अडवले जाऊ नये, यासाठीच दोघांची धडपड होती.

आता थोडे आपल्या घरातले. फेब्रुवारी आला, की शाळांतून वेशभूषेच्या स्पर्धेत एक तरी गाडगेबाबा असतोच. मग आयांची धावपळ. गंमत अशी, की घरात फाटके कापड सापडत नाही! जुने कपडे कधीच बोहारणीला देऊन त्याचे स्टीलचे पातेले झालेले असते. मग चांगला सदरा घ्यायचा, त्यावर रंगीत कापडाचे नवे तुकडे टाचायचे, खराटा कोऱ्या हिराचा, आणि मडके कुंभाराकडून फोडून आणायचे. पोरगे दोन वाक्ये बोलते आणि बक्षीस घेऊन येते. यात हसण्यासारखे आहे खरे, पण त्या एका संध्याकाळी कित्येक वर्षांत सुई हातात न घेतलेली आई पोराला शेजारी बसवून टाके घालते, आणि पोरगे विचारते, त्याला नवा शर्ट का नव्हता? त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आईला बाबांची सगळी गोष्टच सांगावी लागते. १९७७ च्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटात डॉ. श्रीराम लागूंनी तो अंगरखा घातला होता. ज्यांनी तो पाहिला त्या पिढीला गोष्ट सांगणे थोडे सोपे जाते.

बाबांचे शेवटचे वर्ष धावपळीतच गेले. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगेबाबा मिशन स्थापन झाले होते, संस्थांचा कारभार मार्गी लागला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कऱ्हाडच्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. अंगठा उठवणाऱ्या घराण्यातल्या माणसाचे नाव कॉलेजला! नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्र्याला पोलिसांसमोर त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले म्हणून त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकता येतो. प्रकृती ढासळलेली, तरी प्रश्न तसेच, तीच लय, श्रोत्यांना तसेच बोलते करणे.

६ डिसेंबरला आंबेडकर गेले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, आजारी बाबांना मोटारीतून अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर त्यांचा प्राण गेला. घरात नाही, धर्मशाळेत नाही, रस्त्यावरच. अमरावतीत त्यांची समाधी आहे, त्या भागाला गाडगेनगर म्हणतात, आणि विद्यापीठालाही आता त्यांचेच नाव आहे. डेबूजी जानोरकर हे नाव फार थोड्यांना आठवते.